एक तोळा नऊ मासे

आमच्या घरमालकांनी माझी पहिली भाकरी खाल्ली नाही, जोखली.

भोकरदनच्या शाळेत यांची मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मातीचं, माळवदाचं घर. अंगणाच्या पलीकडे मालक आणि त्यांची बायको, अलीकडे दोन खोल्यांत आम्ही. नवं बिऱ्हाड म्हणून मी पहिल्याच दिवशी तीन भाकरी आणि पिठलं ताटात घालून पलीकडे नेलं. मालक ओसरीवर बसले होते. त्यांनी ताट शेजारी ठेवलं, मागच्या कोनाड्यातून पितळी ताजवा काढला, पारडी फडक्यानं पुसली आणि एकेक भाकरी घडी करून त्यात घातली. मी पदराचं टोक धरून उभी. हे माझ्यामागे उभे. यांना वाटलं, काही शकुन पाहत असतील.

"सूनबाई," मालक म्हणाले, "दोन भाकरी बराबर हायेत. तिसरी दोन तोळ्यांनी कमी. पीठ सरलं व्हतं का?"

हे मोठ्यानं हसले. मी नाही हसले. पीठ खरंच सरलं होतं, आणि ते कळू नये म्हणून तिसरी भाकरी मी जरा जास्त थापून बाकीच्या दोन भाकरींएवढी रुंद केली होती. शहागडला माहेरी आईच्या डोळ्यांत धूळ फेकून मी ही लबाडी किती वेळा केली असेल! तिनं कधी पकडली नव्हती. या माणसानं मला यांच्यासमोर उघडं पाडलं. तो राग मी पुढं बरीच वर्षं जपून ठेवला. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

गावात त्यांना सगळे नाकेदार म्हणत. निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, त्यांची उभी हयात गेली. इंग्रजी हद्दीतून मोगलाईत येणारी गाडी नाक्यावर थांबायची, माल उतरायचा, नाकेदारांच्या काट्यावर चढायचा आणि मगच पुढं जायचा. पेन्शन घेऊन ते घरी आले, पण नाका काही त्यांच्यातून उठला नाही. फरक एवढाच झाला की आधी तो हद्दीवर होता, आता आमच्या अंगणात आला. तिथून भाजी गेली, दूध गेलं, सरपण गेलं, तरी ते थांबवून विचारायचे, "माप का वजन?"

हा त्यांचा पेटंट सवाल. दूधवाल्यानं शेरभर म्हटलं की, "माप का वजन?" परटानं गाठोडं आणलं की, "माप का..." इतकं म्हणून स्वतःच गप्प व्हायचे. समोरून बकरी आली तर तिचं वजन मोठ्यानं सांगायचे. माणूस आला तर मनात ठेवायचे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी दोन तळहातांवर दोन लाडू घेतले, डोळे मिटून तोलले, आणि हलका होता तो वाढप्याला परत दिला. त्या घरानं त्यांना पुन्हा बोलावणं केलं नाही. पण त्या सालापासून भोकरदनात लाडू एकसारखे होऊ लागले, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

त्यांची खरी लढाई होती ती स्वयंपाकघराशी. आमच्या वेळी चुलीपाशी वजन हा प्रकारच नव्हता. धान्य पायलीनं, पीठ मापट्यानं, डाळ चिपट्यानं, आणि मीठ-मसाला हातानं: मूठ, चिमूट, ओंजळ. नाकेदारांना हे सगळं बेकायदेशीर वाटे. "चिपटंभर तीळ आन् चिपटंभर मीठ, दोन्हीला एकच नाव?" ते विचारायचे. "एक फुलासारखं, एक दगडासारखं. ही तर सरळसरळ चोरटी आयात झाली!" मग चिपटं शिगेनं भरलं का सपाट, वरून बोट फिरवलं का नुसतं हलवलं, जवारी यंदाची का गुदस्ताची, अशी उलटतपासणी. "अंदाज म्हंजे आळशाचा हिसाब," असं म्हणून ते बोट वर करत. त्या बोटाच्या नखात कायम एक लाल गुंज अडकलेली असे. सोनार वजनाला वापरतात तीच. खिशात तर मूठभर असायच्या. मूठभर हा शब्द माझा. त्यांनी आठ गुंजांचा एक मासा धरून किती मासे ते सांगितलं असतं.

बाजारच्या दिवशी ते धान्याच्या राशीपाशी जाऊन उभे राहत. मापाडी पायली ओततो तेव्हा पहिलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, तेवढंच बरकतीचं. मग दोन, तीन, चार. नाकेदारांना ते सोसत नसे.

"लाभ हा आकडा न्हाई," ते म्हणायचे.

"नाकेदार, तुमी एक म्हना, आमी लाभ म्हंतो," मापाडी हात न थांबवता म्हणायचा. "जवारीला दोनी ऐकू येत न्हाई."

लोक हसत. नाकेदार घरी येऊन वहीत लिहीत: बाजारात आज पहिली पायली मोजलीच नाही.

आणि अशा माणसाची बायको कोण, तर काकू. काकू अंगानं थोराड, हात सुपाएवढे. आयुष्यात त्यांनी काही मोजलेलं मला आठवत नाही, स्वतःचं वयसुद्धा. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण त्यांच्या हातच्या येसराला तीन आळ्यांत तोड नव्हती. येसर म्हणजे जवारी, हरभऱ्याची डाळ आणि मसाला भाजून, जात्यावर दळून वर्षभर ठेवलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणीवर ओतलं की आमटी. ती सगळ्याच घरांत होते. पण काकूंची आमटी उकळू लागली की हे शाळेच्या वह्या तपासताना मान वर करायचे. माझ्या आमटीला त्यांनी मान वर केल्याचं स्मरणात नाही.

"काकू, धने किती घालता?" मी विचारायची.

"तीन मुठी."

मी तीन मुठी घालायची, आणि आमटी माझीच व्हायची. कारण त्यांची मूठ प्रत्येक जिनसाला वेगळी. धन्याला गच्च, तिळाला सैल, जिऱ्याला अर्धवट मिटलेली, आणि मिरच्यांना तर ती मूठ नव्हतीच, नुसता पंजा होता. सगळ्यांना नाव मात्र मूठच. या एका बाबतीत नाकेदार बरोबर होते, पण तेव्हा मी त्यांच्या बाजूनं बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

मग दुसऱ्या जर्मन लढाईचे दिवस आले आणि धान्य सरकारी दुकानातून वजनावर मिळू लागलं. बायका गोंधळल्या. घरात मापटं, दुकानात काटा. आणलेली जवारी किती दिवस पुरेल ते कळेना. आळीतल्या सात-आठ जणी पिशव्या घेऊन नाकेदारांच्या ओसरीवर आल्या. माणूस उजळून निघाला! अंगात कोट घातला, टोपी घातली, वही उघडली.

"जवारी नवी का जुनी?" त्यांनी विचारलं. "दळण जाड का बारीक? भाकरी किती तोळ्यांची? तुमचं मापटं कुण्या बाजारचं, भोकरदनचं का आष्टीचं? शीग धरायची का न्हाई?"

दुपार कलली तरी पहिल्याच बाईचा हिसाब चालू होता. शेवटी तिनं आत जाऊन काकूंपुढं पिशवी धरली. काकूंनी पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, जवारी वर-खाली केली आणि म्हणाल्या, "तुमी पाच मानसं ना? आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळच्याला उरंल थोडी." बाई गेली. बाकीच्याही आत गेल्या. नाकेदार कोट घालून ओसरीवर एकटे.

नवव्या दिवशी सकाळी त्या बाईनं येऊन सांगितलं की एका भाकरीपुरतं पीठ उरलं होतं.

त्याच संध्याकाळी मी तुळशीला दिवा लावत होते तेव्हा नाकेदारांनी मला ओसरीवर बोलावलं. नवी कोरी वही, लाल कापडाची पाठ. रकाने आखलेले: जिन्नस, माप, वजन, आणि कैफियत म्हणजे शेरा.

"तिच्या हातात जे हाय," ते म्हणाले, "ते मला लिहून ठेवायचंय. मूठ, चिमूट, सगळं. तोळे, मासे, गुंजांत."

"कशाला, काका? काकू आहेत की."

त्यांनी आत एक नजर टाकली. आवाज खाली आणला. "ती माझ्यापेक्षा लहान हाय, खरं हाय. पन मी नाक्यावर लई वेळा पाह्यलंय, सूनबाई. मागची गाडी पुढं निघून जाते. मंग मी काय खाऊ? आन् आमच्यामागं लिहून घेणारं कोनी न्हाई."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

अडचण एकच होती. काकू ताजवा आत येऊ देईनात. "त्या पारड्यात तंबाखू जोखली, कातडी जोखली, अफू जोखली," त्या म्हणाल्या. "माझ्या चुलीपाशी न्हाई यायचा." तेव्हा असं ठरलं की काकूंची मूठ भांड्यात पडण्याआधी मी ती वाटीत घ्यायची, अंगण ओलांडून ओसरीवर न्यायची, नाकेदारांनी जोखायची, आणि मी वाटी परत आणायची. वहीत प्रत्येक नोंदीखाली ते खात्यातल्या सवयीनं लिहीत: बदस्त सूनबाई. म्हणजे सूनबाईंच्या हातून आलेलं.

पहिल्याच दिवशी भाजी करपली. काकूंचा हात कढईवर थांबलेला, मी वाटी पुढं केलेली, खाली तेल जळतंय. "आगं, हात थांबला की चव गेली!" काकू वैतागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूठ सरळ कढईत टाकली आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "दे तुझीच मूठ नेऊन. त्यांना काय कळून राह्यलं? आकडा भेटला म्हंजे झालं."

मी माझी मूठ भरली. ओसरीवर नेली. नाकेदारांनी श्वास रोखून गुंजा टाकल्या, आणि नाक्यावर पुकारावा तसा आकडा पुकारला, "दाण्याचं कूट! दोन तोळे दोन मासे!" आत काकू पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मीही हसले. भाकरीचा सूड इतक्या स्वस्तात उगवेल असं वाटलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. माझी मूठ लहान. काकूंच्या निम्म्याहून थोडी जास्त. नाकेदार आकडे पाहून चकित व्हायचे. "एवढा मोठा हात आन् मूठ इतकी हलकी!" एकदा तर यांना ओसरीवर बोलावून त्यांनी वही दाखवली. "मास्तर, तीस वर्षं मी हिला उधळी समजलो. आन् हे पाहा. काटकसरीची बाई हाय बिलकुल." आणि कैफियतीच्या रकान्यात तसं लिहिलंही. काकूंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला. "मी काटकसरीची! आगं, सांगू नको हां त्यांना. पहिल्यांदाच चांगलं म्हनून राह्यले."

तेव्हा हे सगळं गमतीचं होतं. काकू होत्या, आमटी होती, वही खोटी असून कुणाचं काही जात नव्हतं.

चैत्रात येसराचा दिवस आला. वर्षाचं येसर एकदाच होतं. अंगणात तीन दगडांची चूल, मोठी कढई, सुपांत जिन्नस मांडलेले. जवारी आणि डाळ मापट्यानं, तिथं प्रश्न नव्हता. ती नाकेदारांनी आधीच जोखून ठेवली होती. मुठीचे जिन्नस सात. काकूंनी त्या दिवशी कपाळाचा घाम पुसत मला जवळ बोलावलं.

"आज माझी ने," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मूठ गं. आज खरी ने. भाजीचं काय, रोज करायची. येसर बराबर लिहू दे त्यांना."

त्यांनी सुपातून धने उचलले, गच्च मूठ भरली आणि माझ्या वाटीवर धरली. तेवढ्यात कढईतली डाळ तांबूस पडायला लागली. त्यांनी मूठ परत सुपात सोडली आणि उलथनं धरलं. "थांब, ही उतरवते, मंग एकेक देते तुला."

मी थांबले नाही. ऊन मी म्हणत होतं. सात वाट्या, सात खेपा, आणि दर खेपेला नाकेदारांचं ते गुंजा मोजणं. काकूंची पाठ होती. मी सातही वाट्या माझ्या मुठीनं भरल्या, परातीत ठेवल्या आणि एकदाच नेल्या. मत्सर, सूड असले मोठे शब्द मी पुष्कळ दिवस याला लावून पाहिले. त्यांनी अपराध जरा भारदस्त होतो. खरं तेवढंच की मला कंटाळा आला होता.

मी परत आले तेव्हा काकूंनी वळून विचारलं, "माझीच नेली ना गं?"

त्या काय म्हणत होत्या ते मला नीट कळलं होतं. त्यांना वाटत होतं, त्यांनीच भरून ठेवलेल्या मुठी मी नेल्या असतील. त्यांनी मुठी काढून ठेवल्या का नाही हे धुरात त्यांनाच आठवत नव्हतं.

"हो, काकू," मी म्हटलं.

ओसरीवरून पुकारा झाला, "धने! मूठ एक, एक तोळा नऊ मासे!" या वेळी काकू हसल्या नाहीत. समाधानानं मान हलवली आणि कढई उतरवली.

त्याच वर्षी पोळा झाल्यावर तीन दिवसांच्या तापात काकू गेल्या. मागची गाडी पुढं निघून गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर हे नाकेदारांना म्हणाले, "आमच्याकडं जेवत जा." मीही आग्रह केला. नाकेदारांनी लाल पाठीची वही मांडीवर घेतली. "मला उपाशी ठिवून गेलेली न्हाई ती," ते म्हणाले. "वही हाय."

आणि ते स्वयंपाक करू लागले. आळीला मोठी करमणूक झाली. ताजवा अजूनही चुलीपाशी नेत नसत. ओसरीवर बसून जोखायचं, वाटी घेऊन आत जायचं, भांड्यात टाकायचं, पुन्हा बाहेर यायचं. काकू नव्हत्या, तरी त्यांचा हुकूम चालू होता. चिमूटभर हिंगासाठी साठीचा माणूस दोनदा उंबरा ओलांडायचा. काकूंनी करून ठेवलेलं येसर होतं तोवर आमटी बरी होत होती. ते संपलं आणि चैत्रात त्यांनी वहीवरून स्वतःचं येसर केलं.

आमटी आली ती पांचट. पिठाची चव, मसाला कुठंतरी लांब.

नाकेदारांनी चौकशी बसवली. आधी जवारीवर संशय घेतला, मग विहिरीच्या पाण्यावर, मग जात्यावर. मडकं बदललं. सरपण बदललं. जिरं गुजरी बाजारचं का पेठेतलं, यावर त्यांचं दुकानदाराशी भांडण झालं. शेवटी संशय ताजव्यावर आला. बैलगाडी करून ते जालन्याला गेले, तिथल्या एका सोनाराकडून ताजवा आणि वजनं तपासून आले. सोनारानं सांगितलं, गुंजेचाही फरक नाही. ताजवा बरोबर निघाला म्हणून दुःख झालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

दोन वर्षं हे चाललं. लोक म्हणायचे, नाकेदारांनी हवाही जोखायला घेतली आहे. मीही त्यांच्यात हसायची. त्यांचा कोट अंगावर सैल होऊ लागला होता. कुणी विचारलं तर मात्र वजन सांगायचे नाहीत.

एकदा त्यांनी मला अंगणात थांबवलं. "सूनबाई, वाट्या आनताना काही सांडलं तर न्हवतं ना?"

"नाही, काका."

"तिचीच मूठ ना?"

"हो."

त्या दिवशी सांगितलं असतं तर? काकूंचा हात काही परत येणार नव्हता, मग सांगून उपयोग काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण कारण तेही नव्हतं. मला भीती वाटली की ते ओसरीवरून, यांच्या देखत, बोलतील. भाकरीच्या वेळी बोलले तसे.

मग यांची आष्टीला बदली झाली. सामान बांधलं. निघण्याच्या आदल्या दुपारी आम्ही नाकेदारांना जेवायला बसवलं. माझ्या हातचं येसर नाकेदारांच्या ताटात पहिल्यांदाच जात होतं. दोन मापटी जवारी, एक मापटं डाळ, धन्याच्या तीन मुठी. सगळं काकूंनी सांगितलेलं, हात फक्त माझा. आमटी केली ती दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

नाकेदारांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला हात थांबला.

"मास्तर, बसा तुमी. आलोच," ते म्हणाले आणि उष्ट्या हातानं अंगण ओलांडून गेले. परत आले ते वाटी घेऊन. त्यांची सकाळची आमटी. ताटाशेजारी दोन्ही वाट्या ठेवल्या. इकडचा एक घोट घेतला, पाण्यानं तोंड धुतलं, तिकडचा घेतला. पुन्हा तसंच. तीनदा. खात्यात नमुना तपासतात तसं. दोन्ही नमुने एकच निघाले.

हे गोंधळून माझ्याकडं पाहू लागले. मी दारात, हातात भाकरी.

"सूनबाई," नाकेदार म्हणाले, "मूठ दाखवा."

मी भाकरी खाली ठेवली आणि मूठ मिटून पुढं केली. त्यांनी ती पाहिली. हात लावला नाही. डोळ्यांनी तोलली.

"म्हंजे ताजवा बराबर हाय," ते म्हणाले. चेहरा मोकळा झाला, चौकशीतून निर्दोष सुटलेल्या कारकुनासारखा. "मास्तर, दोन वर्षं मी नाहक संशय घेतला. ताजवा बराबर. हिसाब बराबर. गुंजेचा फरक न्हाई." आणि खरंच, त्यांनी उरलेलं जेवण सगळं संपवलं. मी ज्याला इतकी भीत होते ते यांच्यासमोरचं बोलणं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

हात धुवायला मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. हे आत होते. तेव्हा त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "सगळ्या वहीत, सूनबाई, एक तरी तिची हाय?"

पाणी हातावरून वाहत राहिलं. मला येसराच्या दिवशीची ती गच्च मूठ आठवली, माझ्या वाटीवर आलेली आणि सुपात परत गेलेली.

"आहे," मी म्हटलं. "धने. येसराचे."

"पक्कं?"

"हो, काका. ती मूठ काकूंनी माझ्या वाटीवर धरली होती."

हे शेवटचं वाक्य शब्दशः खरं होतं. अशी वाक्यं माणूस कुठून शिकतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गाडीत सामान चढत असताना मी पाहिलं, नाकेदार ओसरीवर वही, रूळ आणि लाल शाई घेऊन बसले होते. एकेक नोंद रुळानं सरळ रेघ मारून खोडत होते, प्रत्येक रेघेपाशी सही करत होते, आणि शाई वाळेपर्यंत थांबत होते. आम्ही निघालो तेव्हा वहीची निम्मी पानं झाली होती. त्यांनी मान वर करून यांना रामराम केला.

आष्टीला चार-सहा महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं. यांच्या नावानं, मोठ्या सरळ अक्षरात. तब्येत ठीक, पाऊस बरा, भाडेकरू नवीन आले, मुले द्वाड आहेत. खाली लिहिलं होतं: 'सूनबाईंस कळवावे. येसर जमत नाही, सोडून दिले. परंतु धन्याची नोंद दुरुस्त आहे. रोज सकाळी एक तोळा नऊ मासे धने जोखून हातात घेतो. मूठ ओळखीची वाटते.'

यांनी कार्ड वाचलं, हसले आणि म्हणाले, "म्हातारा पुरता वेडा झालेला दिसतोय." मी कार्ड घेऊन डाळीच्या डब्यात ठेवलं. उत्तर लिहायचं राहून गेलं. पुढं वर्ष-दीड वर्षानं, पोलीस ॲक्शन होण्याच्या आधी, नाकेदार गेल्याचं भोकरदनचा एक मास्तर यांना सांगून गेला. तेव्हाही मी यांना खरं सांगितलं नाही. हे गेले, तोवरही नाही.

आता घरात किलोचा काटा आला आहे. सून पुस्तकात पाहून ग्रॅममध्ये स्वयंपाक करते, मला विचारते, "आई, तुमच्या येसरात धने किती?" मी सांगते, घाल अंदाजानं. मी स्वतः धने चमच्यानं घालते. धन्यावर मूठ मिटायची वेळ मी हातावर येऊ देत नाही. माझी ती मूठ एक माणूस आपल्या बायकोची म्हणून रोज सकाळी हातात घेऊन बसत होता.